संत्र्याच्या बिया, सत्तर गोळ्या आणि मॅन्सनचा माळी

एका वाचकाने विचारलं आहे : चीनमध्ये अंडवृद्धीवर संत्र्याच्या बियांची गोळी देतात म्हणे, मग आम्ही नागपूरकर त्या बिया थुंकून का टाकतो?

गोळी खरी आहे. तिचं नाव जू हे वान. यान योंगहे या वैद्याच्या १२५३ सालच्या ग्रंथात तिची कृती सापडते. संत्र्याच्या बिया, समुद्री शेवाळ, बकाणाच्या जातभाईची फळं, पीचच्या बियांतला गर, दालचिनी, कोष्ठ असं बरंच काही कुटून गोळ्या वळायच्या. एका वेळी सत्तर! त्याही उपाशीपोटी, मिठाच्या पाण्याबरोबर किंवा मीठ घातलेल्या मद्याबरोबर. जांघेतली कळ, वृषणाची सूज, जडपणा, सगळ्यांवर हीच.

इथे सुश्रुताला दाद द्यावी लागते. त्याने वृद्धीचे सात प्रकार केले. पाणी झालं असेल तर शिवणीच्या बाजूला छेद देऊन नळीने काढा, असं तो सांगतो. आतडं वृषणकोशात उतरलं असेल तर मात्र वाटेला जाऊ नका. शिवण टाळायला सांगणाऱ्याने हे काम स्वतःच्या हाताने केलेलं असणार. आजचे डॉक्टर अंधाऱ्या खोलीत टॉर्च टेकवतात. पाणी असेल तर पिशवी लालसर उजळते, हर्नियात सहसा अंधारच.

बिया खाऊन हे पाणी ओसरतं, याला पुरावा म्हणावा असं काही नाही. उलट या गोळीत मुतोंग नावाची वेलही पडते. तिच्या जागी बाजारात ॲरिस्टोलोकिया कुळातली वेल खपवली जाऊ लागली. तिच्यातल्या आम्लाने मूत्रपिंडं निकामी होतात, कर्करोगही होतो. चीनने २००३ साली ती वेल औषधांतून हद्दपार केली. ‘वनस्पतीच तर आहे, अपाय काय होणार’ म्हणणाऱ्यांनी एवढं ऐकून ठेवावं.

पूर्व विदर्भात मोठ्या माणसांच्या अंडवृद्धीमागे बऱ्याचदा हत्तीरोगाचा कृमी असतो. वृषणाजवळच्या लसिकावाहिन्यांत तो बिऱ्हाड थाटतो. सोनोग्राफीत त्याची वळवळ चक्क दिसते, आणि डॉक्टरमंडळी तिला ‘फिलेरिया डान्स’ म्हणतात. हा कृमी डासात शिरतो हे कळलं तेही चीनमध्येच, १८७७ साली. अमॉय, म्हणजे आजच्या शियामेन बंदरात, पॅट्रिक मॅन्सन हा स्कॉटिश डॉक्टर होता. त्याच्या हिन लो नावाच्या माळ्याच्या रक्तात या कृमीची पिल्लं होती. मॅन्सनने त्याला एका खोलीत झोपवलं, शेजारी दिवा ठेवला, दार उघडं ठेवून डास आत येऊ दिले आणि मग दार लावून घेतलं. सकाळी भिंतींवर पोट फुगलेले डास बसले होते. ते वाइनच्या पेल्याखाली पकडायचे, तंबाखूच्या धुराने गुंगवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली चिरायचे. शास्त्रज्ञाचं नाव झालं. रात्रभर डासांकडून चावून घेणारा हिन लो मात्र तळटिपेत गेला. पुढे मॅन्सन चुकलाही : डास मरून पाण्यात पडतो आणि ते पाणी पिऊन रोग होतो, असं त्याला वाटलं. पण ही पिल्लं रात्रीच रक्तात उतरतात, हे त्याचं निरीक्षण पक्कं निघालं. आरोग्य कर्मचारी आपल्याकडे रक्ताचे नमुने घ्यायला रात्री येतात ते त्यामुळेच.

चीनने हत्तीरोग घालवला, पण बियांनी नाही. गावोगाव डीईसी हे औषध मिसळलेलं मीठ खायला घातलं. २००७ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्यावर शिक्कामोर्तब केलं. हे डीईसी १९४७ साली अमेरिकेतल्या लेडर्ले प्रयोगशाळेतून आलं, आणि तिथले संशोधनप्रमुख होते भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. आपल्या किती पाठ्यपुस्तकांत हे नाव असतं?

नागपूर जिल्ह्यात २०१९ साली डीईसी, अल्बेंडाझोल आणि आयव्हरमेक्टिन या तिन्ही औषधांच्या गोळ्या एकत्र देण्याची मोहीम झाली. घरी येणारा कर्मचारी त्या समोरच गिळायला लावतो. बरेच जण त्या तळहातावर घेऊन ‘जेवल्यावर घेतो’ म्हणतात आणि नंतर खिडकीत ठेवून देतात. या गोळ्यांनी रक्तातली पिल्लं मरतात, डासांकडे जाणारी साखळी तुटते. आधीच साठलेलं पाणी मात्र शस्त्रक्रियेनेच निघतं. सरकारी रुग्णालयांत ती होते, पण लाजेपायी माणसं वर्षानुवर्षं सैल धोतराआड ते ओझं वागवतात. आणि एखाद्या पोराच्या वृषणात अचानक जीवघेणी कळ उठली, तर तो बहुधा पीळ असतो. ना बिया, ना गोळ्या, ना शेक. साधारण सहा तासांच्या आत त्याला शल्यचिकित्सकापुढे न्या.