सीएफएल फुटला तर…

सीएफएल दिव्याच्या नळीत काही मिलिग्रॅम पारा असतो. त्यामुळेच पाऱ्याविषयीच्या मिनामाता करारात हे दिवे येतात. भारताने हा करार 2018 मध्ये मान्य केला.

देवगाव रंगारीतलं घर असो वा संभाजीनगरचा फ्लॅट, दिवा फुटल्यावर आधी मुलाबाळांना खोलीबाहेर न्यावं. पंखा बंद, खिडक्या उघड्या आणि दहा मिनिटं थांबावं.

झाडू मारू नये; पारा पसरतो.

हातमोजे घालून काचा जाड पुठ्ठ्याने गोळा कराव्यात, बारीक चुरा चिकटपट्टीने टिपावा, फरशी ओल्या कागदाने पुसावी. हे सगळं घट्ट झाकणाच्या बरणीत भरून घराबाहेर ठेवावं, हात साबणाने धुवावेत.

2022 च्या नियमांनुसार हे दिवे ई-कचरा ठरतात. बरणी घंटागाडीत न टाकता ई-कचरा संकलन केंद्रातच द्यावी.