कान तुटका कप आणि गंगारामचे हॉटेल

परवा भाच्याबरोबर शहरातल्या एका कॉफी शॉपमध्ये जाण्याचा योग आला. भाचा इंजिनियर आहे, त्याच्या पगाराचा पहिला मान मामाला. गुबगुबीत खुर्च्या, थंडगार हवा आणि आमच्या गावाकडे चार माणसांचे जेवण होईल एवढी एका कॉफीची किंमत! बिल देऊन झाले आणि त्याच्या मोबाईलवर प्रश्न आला, 'आमच्याकडचा तुमचा अनुभव कसा होता?' त्याने हसत हसत पाच तारे दाबले. मी मात्र त्या प्रश्नापाशीच अडकलो. गिऱ्हाइकाला त्याचा अनुभव विचारायची पद्धत या देशात आता आली. हाच प्रश्न माझ्या वडिलांना कुणी विचारला असता तर त्यांनी काय उत्तर दिले असते?

वडिलांचा अनुभव मला पाठ आहे. तालुक्याच्या रस्त्याला, एसटी थांब्याजवळ एक चहाचे हॉटेल होते. आत भट्टी, दोन बाकडी, भिंतीवर देवादिकांच्या तसबिरी. बाहेर वळचणीच्या कोनाड्यात दोन कप पालथे घातलेले असत, दोन्हींचे कान तुटलेले. ते आमचे! आत यायचे नाही, बाकड्यावर टेकायचे नाही. कप आपणच उचलायचा, आपणच विसळायचा, उकिडवे बसून खाली ठेवायचा. मालक हातभर उंचीवरून चहा ओतणार. पिऊन झाले की पुन्हा धुऊन कोनाड्यात पालथा घालायचा. पैसे उंबऱ्यावर ठेवायचे, मालक त्यावर पाणी शिंपडून ते उचलणार. चहाचा दर मात्र सगळ्यांना सारखाच! पैशाचा विटाळ चुळकाभर पाण्याने फिटत होता, माणसाचा विटाळ मात्र जन्मभर फिटत नव्हता.

१९५६ साली बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा दिली. त्यानंतर वडिलांनी त्या हॉटेलात चहा घेणे सोडले. भांडण नाही, आरडाओरडा नाही. तलफ आली तरी घरापर्यंत चालत यायचे. पुढे मी नोकरीला लागल्यावर त्यांना शहरातल्या हॉटेलात नेले, तेव्हा चहा आल्याबरोबर त्यांनी आधी कपाचा कान बोटांनी चाचपून पाहिला. कान शाबूत असल्याची खात्री झाली तेव्हाच घोट घेतला. ही सवय त्यांची मरेपर्यंत गेली नाही. सेवेचा दर्जा तपासायची आमच्या पिढ्यांची रीत ही अशी होती.

कपबशीसाठी राज्यघटनेत तरतूद करावी लागली असा हा देश आहे. दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांत धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कुणाला मज्जाव करता येणार नाही, असे कलम १५ सांगते. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत या तरतुदीवर चर्चा झाली, तेव्हा 'दुकान' म्हणजे नेमके काय, असा प्रश्न निघाला. बाबासाहेबांनी त्याचा अर्थ जाणीवपूर्वक व्यापक सांगितला. मागायला येणाऱ्या कुणालाही जिथे मालक आपली सेवा द्यायला तयार असतो, ते दुकान. म्हणजे ज्याने धंदा मांडला त्याला गिऱ्हाइकाची जात विचारण्याचा हक्क उरला नाही. त्याच दिवशी अस्पृश्यता नष्ट करणारे कलमही सभेने मंजूर केले. आजच्या घटनेत ते कलम १७ आहे.

पुढे १९५५ चा अस्पृश्यता (अपराध) कायदा आला. १९७६ च्या दुरुस्तीने त्याचे नाव नागरी हक्क संरक्षण अधिनियम झाले. त्याच्या कलम ४ मध्ये हॉटेलातील प्रवेशाबरोबरच तिथली भांडी वापरण्याचा हक्क स्पष्ट लिहिला आहे. अट्रॉसिटी कायद्यात २०१५ साली झालेल्या दुरुस्तीनेही सार्वजनिक ठिकाणची भांडी वापरण्यास अडथळा आणणे हा गुन्हा ठरवला. विचार करा, ज्या देशाला आपल्या संस्कृतीचा एवढा अभिमान आहे, त्याला एका कपासाठी किती वेळा कायदा लिहावा लागला!

तरीही कप गेला का? प्रा. सुखदेव थोरात, घनश्याम शहा आदी अभ्यासकांनी ११ राज्यांतील ५६५ गावांची पाहणी करून २००६ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. चहाच्या दुकानातले वेगळे कप आणि वेगळी बैठक त्यांना एकविसाव्या शतकातही आढळली. तामिळनाडूत तर 'दोन पेल्यांची पद्धत' या नावानेच ती ओळखली जाते आणि तिच्याविरुद्ध तिथल्या दलित संघटनांना वारंवार लढावे लागले. आता ठिकठिकाणी कागदी कप आले. सगळ्यांना कागदी कप असेल तर तक्रार नाही. पण पाटलाला काचेचा ग्लास आणि आपल्याला कागदी कप, असे जिथे असेल, तिथे तो कोनाड्यातला कपच नव्या रूपात आला आहे, हे ओळखले पाहिजे. फरक एवढाच की तो आता धुवावा लागत नाही.

इथपर्यंत गिऱ्हाइकाची गोष्ट झाली. पण खरा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. गल्ल्यावर आपला माणूस बसला तर काय होते?

याचे उत्तर कोल्हापूरच्या इतिहासात आहे. गंगाराम कांबळे हे महार समाजातले, राजर्षी शाहू महाराजांच्या पागेत नोकरीला. हौदाच्या पाण्याला शिवल्याबद्दल त्यांना सवर्ण नोकरांनी अमानुष मारहाण केली. महाराज तेव्हा बाहेरगावी होते. परतल्यावर गंगारामने पाठीवरचे वळ दाखवले, तेव्हा महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा तर केलीच, पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. गंगारामला नोकरीतून मोकळे करून स्वतंत्र धंद्यासाठी भांडवल दिले. भाऊसिंगजी रोडवर गंगारामचे 'सत्यसुधारक' हॉटेल उभे राहिले.

चहा उत्तम, भांडी लख्ख. पण गिऱ्हाईक फिरकेना! महाराच्या हातचा चहा पिणार कोण? हे महाराजांच्या कानावर गेले. त्यांनी आपली गाडी थेट हॉटेलासमोर उभी केली, गंगारामकडे चहा मागितला, सगळ्यांदेखत प्याला आणि बरोबरच्या उच्चवर्णीय मंडळींनाही पाजला. छत्रपती जिथे चहा पितात तिथे नाक मुरडणार कोण? हे एकदाच घडले नाही, महाराज तिथे पुन्हा पुन्हा येत राहिले. सार्वजनिक विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करण्याचे हुकूम त्यांनी १९१९ साली काढले. पण केवळ हुकमाने गिऱ्हाईक मिळत नाही, हे त्यांना कळत होते. म्हणून राजा स्वतः गिऱ्हाईक झाला!

महाराजांची दूरदृष्टी इथे दिसते. अस्पृश्याने दुसऱ्याच्या हॉटेलात आत बसून चहा प्यावा एवढेच त्यांना पुरेसे वाटले नाही. अस्पृश्याच्या हॉटेलात गावाने येऊन चहा प्यावा, असे त्यांना हवे होते. घेणाऱ्या हाताची अस्पृश्यता कायद्याने रोखता येते. देणाऱ्या हाताची अस्पृश्यता मात्र आजही बिनबोभाट चालते, कारण 'मी तुझ्याकडे चहा पिणार नाही' म्हणणाऱ्याला पकडणार कसे? शाळेत दलित बाईने शिजवलेला पोषण आहार मुलांनी खाऊ नये म्हणून पालक अडून बसतात, अशा बातम्या आजही येतात. आपली किती पोरे गावाच्या चौकात टपरी टाकतात आणि वर्षभरात गाशा गुंडाळून पुण्या-मुंबईची वाट धरतात! मग लोक म्हणतात, यांना धंदा जमत नाही. धंदा जमतो, गिऱ्हाईक जमू दिले जात नाही.

एका कपाने जात मरते, असा भ्रम मुळीच नको. नुसत्या सहभोजनाने जातिभेद संपत नाही, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये बजावले आहे. पण ज्याला आपल्या हातचा चहा चालत नाही, त्याला आपले बाकी काय चालणार?

म्हणून समाजबांधवांना दोनच गोष्टी सांगायच्या आहेत. जिथे वेगळा कप पुढे येईल तिथे तो घेऊ नका, पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवा, कायदा तुमच्या बाजूने आहे. आणि आपल्या माणसाने हॉटेल टाकले असेल तर दोन पावले जास्त चालून तिथेच चहा घ्या, बरोबर इतर समाजातला मित्रही न्या. शाहू महाराजांना गाडी थांबवायला कमीपणा वाटला नाही, मग आपल्याला का वाटावा?

कॉफी शॉपमधून निघताना भाच्याने विचारले, 'मामा, आवडली का कॉफी?' आवडली होती. पण माझे पाच तारे मी राखून ठेवले आहेत. माझ्या गावच्या चौकात आपल्या पोराची टपरी चालेल आणि सारा गाव तिथल्या बाकड्यावर मांडीला मांडी लावून चहा पिईल, त्या दिवशी ते मी देईन. जयभीम!