लॉ कॉलेजची फी कशी भरायची?

बारावीनंतर मुलगी लॉ करते म्हणाली की आपल्या भुईगावात पालकांचा पहिला प्रश्न असतो, "सर, पाच वर्षांची फी झेपेल का?" काही घरांत तिथेच विषय संपतो. म्हणून ही माहिती.

बाबासाहेबांचं उदाहरण मुलांना जरूर सांगा. १९१६ मध्ये लंडनच्या ग्रेज इनमध्ये त्यांनी कायद्यासाठी नाव घातलं. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये शिक्षण अर्धवट टाकून परतावं लागलं. मग सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले. शाहू महाराजांनी मदत केली, पारशी मित्र नवल भथेना यांनी उसने दिले. १९२० मध्ये ते पुन्हा गेले आणि १९२२ मध्ये बॅरिस्टर झाले.

आज त्याच शाहू महाराजांच्या नावाने राज्याची शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल, तर खुल्या प्रवर्गातील मुलांना शिक्षण व परीक्षा शुल्काची निम्मी रक्कम मिळते. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी या दोन्ही शुल्कांत १०० टक्के सवलत आहे. एससी, एसटी विद्यार्थ्यांच्या योजना वेगळ्या आहेत. अर्ज महाडीबीटीवर करायचा असतो.

पण एक अट नीट समजून घ्या. प्रवेश सीईटी देऊन, शासनाच्या कॅप फेरीतूनच झाला पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातून सीट घेतली तर ही सवलत हातची जाते. घाईत पैसे भरून सीट पक्की करण्याआधी हे पाहा.

कॉलेज निवडतानाही खर्च कमी करता येतो. चर्चगेटचं शासकीय विधी महाविद्यालय १८५५ पासूनचं आहे आणि तिथली फी खासगी कॉलेजांच्या मानाने बरीच कमी. वसई रोडहून लोकलने रोज जाता येतं, म्हणजे होस्टेलचा खर्च नाही. विद्यार्थ्यांना रेल्वे पासमध्येही सवलत आहे.

तरीही पैसे कमी पडले, तर दागिने गहाण टाकण्याआधी बँकेत शैक्षणिक कर्जाची चौकशी करा. साधारणपणे साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही आणि हप्ते कोर्स संपल्यावर वर्षभराने सुरू होतात. व्याज मात्र मधल्या काळातही चढत असतं.

तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, लागू असेल तर जातीचा दाखला, आणि आधार जोडलेलं मुलाचं बँक खातं, एवढं बारावीच्या वर्षातच तयार ठेवा. निकालानंतर सेतू केंद्रात गर्दी होते. आणि शिष्यवृत्तीचा अर्ज दरवर्षी नव्याने करायचा, हे विसरू नका.