उलटी बाराखडी

लग्नात आलेली भांडी तुमच्याही माळ्यावर असतील. एखादा तांब्या खाली काढून उजेडात धरून बघा. काठाखाली बारीक ठिपक्यांच्या ओळीत नाव असते, तारीख असते, ‘सप्रेम भेट’ असते. ते नाव कोणी टाकले, हे मात्र भांड्यावर कुठेच नसते.

माझे वडील, आप्पा, हेच काम करीत. बऱ्हाणपूरच्या एका भांड्यांच्या दुकानाच्या ओट्यावर ते ३५ वर्षे बसले. मांडीवर भांडे, डाव्या हातात छिन्नी, उजव्या हातात टीचभर हातोडी. लग्नसराईत मी बहादरपूरहून त्यांचा डबा घेऊन जायची, तेव्हा त्यांना मान वर करायलाही फुरसत नसे. पुढे विजेवर चालणारे नाव टाकायचे यंत्र आले. एके दिवशी आप्पा हत्यारांची डबी घेऊन घरी आले, ती डबी फडताळात गेली आणि त्या विषयावर घरात पुन्हा बोलणे झाले नाही.

खरे सांगायचे तर मीही तो विषय कधी काढला नाही. शाळेच्या अर्जात ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यात मी ‘नोकरी’ एवढेच लिहीत असे.

चुकीला खोडरबर नाही

प्राथमिक शाळेत ३२ वर्षे शिकवून मी निवृत्त झाले. इंदूरला लेकीकडे गेले असताना तिच्या घराजवळ एका चित्रकला शिक्षकांनी मुद्राचित्रणाचे आठ दिवसांचे शिबिर ठेवले होते. मुद्राचित्रण म्हणजे पत्र्यावर किंवा लाकडावर चित्र कोरायचे, त्याला शाई लावायची आणि कागदावर छाप घ्यायचा. वेळ जाईल म्हणून मी नाव नोंदवले. पहिल्याच दिवशी हातात तांब्याचा पत्रा आला आणि लाकडी मुठीचे पोलादी कलम.

हे कलम ठोकायचे नसते, ढकलायचे असते. मूठ तळहाताच्या खळग्यात बसवायची, कलम पत्र्याला जवळजवळ टेकवून आडवे धरायचे आणि पुढे सारायचे. तांब्याची केसासारखी तार वर निघते आणि मागे रेघ राहते. कलम जरा उभे झाले की टोक रुतते, फार आडवे झाले की सटकते. माझे सटकले ते थेट डाव्या अंगठ्यावर. कलमाच्या वाटेत दुसरा हात ठेवायचा नाही, हा पहिला नियम मी असा शिकले. दुसरा नियम धारेचा. तेल लावलेल्या दगडावर घासून टोक नखावर टेकवायचे. ते घसरले तर धार नाही, अडकले तर आहे.

चुकलेली रेघ पुसता येत नाही. ती खरवडून, घासून, पत्रा पुन्हा गुळगुळीत करावा लागतो. एका चुकीला माझी अख्खी दुपार जाई.

सगळ्यात फजिती झाली ती अक्षरांची. नातीचे नाव मी हौसेने कोरले आणि कागदावर ते उलटे उमटले! छाप म्हणजे आरसा. सुलट हवे तर उलटे कोरायचे. काना डावीकडे जातो, पहिली वेलांटी दुसरीसारखी दिसायला लागते. शेकडो मुलांना बाराखडी गिरवायला लावणारी मी, पाटीवर उलटा ‘क’ गिरवत बसले. शेवटी सरांनी युक्ती सांगितली. पातळ कागदावर सरळ लिहायचे, कागद पालथा घालायचा आणि मागून दिसते ते पत्र्यावर उतरवायचे.

तांबे होते, शाई नव्हती

घरी आल्यावर ओसरीवर सराव सुरू झाला. आप्पा आता ८६ वर्षांचे आहेत. दोन दिवस ते लांबून बघत होते. तिसऱ्या दिवशी जवळ येऊन म्हणाले, “उलटं नाव टाकलंस तर गिऱ्हाईक भांडं फेकून मारेल, बाई!”

मी त्यांना शाईचे आणि कागदाचे समजावून सांगितले. ते ऐकत होते, पण लक्ष माझ्या हाताकडे होते. ‘ल’ची गोलाई काढताना माझे मनगट पिळवटत होते. “हात कशाला वळवतेस? भांडं वळव.” इंदूरच्या सरांनीही हेच सांगितले होते. त्यासाठीच तर पत्र्याखाली वाळू भरलेली चामड्याची उशी देतात. कलम जागेवर स्थिर ठेवून पत्रा हळूहळू फिरवायचा. तेव्हा मी ऐकले नव्हते. आप्पांचे ऐकले आणि ‘ल’ गोल झाला.

या नादात मी थोडे वाचायला लागले आणि एका गोष्टीचे नवल वाटले. तांब्यावर कोरायची आपली परंपरा किती जुनी! वाकाटक, राष्ट्रकूट, यादव, सगळ्यांचे ताम्रपट आहेत. आपल्या जामा मशिदीत अरबी लेखाच्या जोडीला १५९० च्या सुमाराचा संस्कृत लेख दगडात कोरलेला आहे. पण ही सगळी अक्षरे सुलट, तिथेच उभे राहून वाचायची. उलटे कोरणारेही आपल्याकडे होते. बऱ्हाणपूरला मोगलांची टांकसाळ होती, आणि नाण्याचा ठसा उलटाच कोरावा लागतो. अकबराने १६०१ मध्ये असीरगड घेतला, त्या विजयाची सोन्याची मोहर आहे. तिच्यावर ससाणा कोरलेला आहे. म्हणजे तांबे होते, कलम होते, उलटी अक्षरेही येत होती. त्यावर शाई फासून कागद दाबणे तेवढे राहिले.

युरोपात ते पंधराव्या शतकात सोनारकाम करणाऱ्यांच्या हातून झाले. जर्मनीचा थोर चित्रकार ड्यूरर हा सोनाराचा मुलगा. त्याने कलम धरायचे पहिले धडे बापाच्याच दुकानात घेतले. आपल्याकडे पेशवाईच्या अखेरीस पुण्यात इंग्रज वकील चार्ल्स मॅलेटच्या प्रोत्साहनाने एक तांबट कारागीर हे काम शिकला. नाना फडणविसांना गीता छापायची होती. ते काम पुण्यात पुरे झाले नाही. कारागीर मिरजेला गेला आणि गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाने १८०५ मध्ये तांब्याच्या पत्र्यांवरून भगवद्गीता छापून निघाली. तांबटाच्या हातची गीता! ही गोष्ट मी आप्पांना दोनदा वाचून दाखवली. तिसऱ्यांदा त्यांनीच वाचायला सांगितली.

फडताळातली डबी

छाप घ्यायला दाबयंत्र लागते. ते विकत घेणे मला परवडणारे नव्हते. पण आपले गाव पॉवरलूमचे. ओळखीच्या मिस्त्रीने दोन जुने लोखंडी रूळ आणि एक चाक जोडून महिन्याभरात यंत्र उभे केले. खळ दिलेले विरळ कापडही इथलेच. कोरलेल्या रेघांत शाई भरायची, वरची शाई त्या कापडाने पुसून काढायची आणि शेवटचा हात तळव्याचा फिरवायचा. मग पत्र्यावर ओलसर कागद, त्यावर लोकरीचा नमदा, आणि चाक फिरवायचे. ओला कागद रेघेत शिरून शाई उचलतो.

पहिला चांगला छाप निघाला त्या संध्याकाळी आप्पांनी फडताळातली डबी मागितली. म्हणाले, “यंत्र आलं म्हणून मी उठलो नाही. ‘आता तुमचं अक्षर कोण बघतं,’ असं मालक बोलले, म्हणून उठलो.” तीस वर्षांत हे त्यांनी पहिल्यांदाच सांगितले. मला अर्जातला तो रकाना आठवला. मालकांचे आणि माझे म्हणणे फार वेगळे नव्हते. मी तेही त्यांना सांगून टाकले. आप्पा फक्त म्हणाले, “मुलीला लिहायला लाज वाटेल असं काम नव्हतं ते.”

त्यांचा हात आता थरथरतो, कलम ढकलवत नाही. पण छिन्नी-हातोडी धरली की थरथर कमी होते. मी आईचे नाव पत्र्यावर उलटे उतरवून दिले. रोज सकाळी थोडे थोडे करत आप्पांनी चार दिवसांत ते ठिपक्यांत पुरे केले. आईला जाऊन नऊ वर्षे झाली. ठिपक्यांतही शाई बसते. छाप निघाला तेव्हा माझे डोळे भरून आले. आप्पांनी कागद खिडकीशी नेला, चश्मा पुसला आणि म्हणाले, “वेलांटीचा तिसरा ठिपका खोल गेलाय.”

तुम्हालाही हात लावून बघायचा असेल तर आधी तांब्याच्या खर्चात पडू नका. शाळेचे खोडरबर किंवा लिनोलियमचा तुकडा घ्या, छोट्या पात्याने कोरा, वर शाई लावून कागद ठेवा आणि चमच्याच्या पाठीने घासा. पहिले अक्षर उलटे येईल, येऊ द्या.

आणि घरात अशी एखादी बंद डबी असेल, तर ती उघडायला सांगा. उशीर करू नका. आप्पांनी आता दुसरा पत्रा मागितला आहे. वेलांटी नीट करायची आहे म्हणतात.