पत्ता सर्वांत शेवटी

कचेरीतून जाणाऱ्या ईमेलमधल्या चुका फार तऱ्हेच्या नसतात. मेल भलत्याच माणसाला जाते, ज्यांना जायला नको अशा शंभर जणांना जाते, सोबत जोडायचा कागद राहून जातो किंवा चुकीचा जोडला जातो, आणि कधी रागाच्या भरात लिहिलेला मजकूर तसाच निघून जातो. यांतली एकही चूक अज्ञानातून होत नाही. पाठवणाऱ्याला सगळे ठाऊक असते. पण मजकूर लिहिणे, पत्ता घालणे, कागद जोडणे आणि रवाना करणे ही कामे आता एकच माणूस एकाच बैठकीत, बहुधा दुसऱ्या कामाच्या गडबडीत करतो.

कागदी पत्रव्यवहारात तसे नव्हते. मसुदा एक जण करी, तो तपासून सही दुसरा करी आणि पत्र आवक-जावक शाखेत जाई. जावक कारकून पाकिटावरचा पत्ता आणि आतल्या पत्राचा मायना जुळतो का ते बघे, पत्राखाली ‘सोबत’ म्हणून लिहिलेली सहपत्रे खरोखर आत आहेत का ते मोजे आणि मगच बारनिशीत नोंद करून जावक क्रमांक घाली. हे काम कमी दर्जाचे मानले गेले, पण कचेरीच्या कितीतरी चुका त्या टेबलावर अडत होत्या. ईमेल आली आणि ते टेबलच गेले. आजच्या चुका टाळायच्या तर त्या टेबलाचे काम कुठल्या ना कुठल्या रूपात परत उभे करावे लागते.

ही व्यवस्था इंग्रजी अमदानीच्याही आधीची आहे. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या वेळचा, म्हणजे १६७४ सालचा, म्हणून जो कानूजाबता, म्हणजे कारभाराची नियमावली, सांगितला जातो, त्यात राजपत्रे लिहिण्याचे काम चिटणिसाकडे आहे. ती तपासून मजकुरातले अधिकउणे दुरुस्त करण्याचे काम मात्र सचिवाकडे दिले आहे. लिहिणारा आणि तपासणारा मुद्दाम वेगळे ठेवले होते. मजकूर जिथे संपे तिथे मोर्तब उमटवले जाई, म्हणजे त्यापुढे कुणाला शब्द वाढवता येत नसे. आजच्या ईमेलला असा शेवट नसतो. एखादी मेल पुढे पाठवली की तिच्याखाली साठलेला महिनाभराचा जुना पत्रव्यवहारही सोबत जातो. त्यात कुणी सहकाऱ्याविषयी काय लिहिले होते, ग्राहकाला किती सूट द्यायची ठरली होती, हे सगळे वाचणाऱ्यासमोर उघडे पडते. मेल पुढे पाठवण्यापूर्वी खालचा मजकूर शेवटपर्यंत वाचून नको तो काढून टाकणे हे आजचे मोर्तब.

भलत्या पत्त्यावर मेल जाते ती बहुतेकदा नावांच्या सारखेपणामुळे. मध्य प्रदेशातल्या माळव्याचे उदाहरण घ्यावे. देवास जिल्ह्यात पीपलरावां ही नगरपरिषद आहे आणि त्याच जिल्ह्यात हाटपीपल्याही आहे. मंदसौर जिल्ह्यात पिपलिया मंडी आहे, रतलाम जिल्ह्यात पिपलौदा आहे. पीपलरावां हे नाव रोमन अक्षरांत लिहिताना कुणी शेवटी ‘एन’ घालतो, कुणी गाळतो, कुणी मधला ‘ए’ सोडून देतो. पहिली तीन-चार अक्षरे टाकली की मेलचा प्रोग्राम पूर्वी वापरलेले पत्ते पुढे करतो. पत्ते अधिकाऱ्याच्या हुद्द्यापासून सुरू होत असतील तर ते एकाखाली एक जवळजवळ सारखेच दिसतात आणि घाईत पहिल्याच नावावर बोट पडते. नळयोजनेची निविदा किंवा कर्मचाऱ्याची चौकशी अशी शेजारच्या गावाच्या कचेरीत जाऊन पडू शकते.

देवासला या अडचणीचा जुना इतिहास आहे. तुकोजीराव आणि जिवाजीराव या पवार भावांपासून इथे दोन घराणी झाली, थोरली पाती आणि धाकटी पाती, आणि १९४८ मध्ये मध्य भारतात विलीन होईपर्यंत एकाच गावात दोन राजे, दोन दरबार आणि दोन दफ्तरे नांदली. नुसते ‘देवास दरबार’ लिहून भागत नसे. पाती लिहिणे हा पत्त्याचाच भाग होता. एका गावात दोन राज्ये चालवणाऱ्या या लोकांनी जी रीत पाळली तीच आजही उपयोगी आहे: नाव सारखे असेल तर वेगळेपण दाखवणारी खूण नावालाच जोडावी. संगणकातल्या पत्तापुस्तिकेत ‘सीएमओ’ किंवा ‘पाटील साहेब’ असे न लिहिता ‘पीपलरावां, देवास – मुख्य नगरपालिका अधिकारी’ असे पूर्ण लिहावे. बदलून गेलेल्या माणसाचे आणि बंद झालेल्या खात्याचे पत्ते काढून टाकावेत. प्रोग्राम आपणहून लक्षात ठेवतो त्या यादीतले नको असलेले पत्तेही एकेक करून पुसता येतात.

प्रोग्रामने सुचवलेले नाव न तपासता स्वीकारल्यामुळे काय होऊ शकते हे नोव्हेंबर २०१४ मध्ये दिसले. ब्रिस्बेनच्या जी-२० परिषदेला येणाऱ्या ३१ राष्ट्रनेत्यांची जन्मतारीख, पारपत्र क्रमांक आणि व्हिसाचा तपशील ऑस्ट्रेलियाच्या स्थलांतर खात्यातल्या एका कर्मचाऱ्याने आशिया चषक फुटबॉल स्पर्धेच्या स्थानिक आयोजन समितीतल्या व्यक्तीला पाठवला. त्या यादीत भारताच्या पंतप्रधानांचेही नाव होते. अक्षराची चूकही तितकीच महाग पडते. अमेरिकी लष्कराच्या पत्त्यांचा शेवट ‘.एमआयएल’ असा असतो, माली या आफ्रिकी देशाच्या पत्त्यांचा ‘.एमएल’. मधला एक ‘आय’ राहिल्याने लष्करासाठी लिहिलेल्या हजारो मेल मालीच्या पत्त्यांवर जात होत्या, हे २०२३ मध्ये जगापुढे आले.

दुसरी मोठी चूक प्रतींची. ‘टू’मध्ये ज्याने काम करायचे तो, ‘सीसी’मध्ये ज्याला माहिती हवी तो, हे बहुतेकांना कळते. ‘बीसीसी’ मात्र नीट समजून घेतले जात नाही. तिथले पत्ते बाकीच्यांना दिसत नाहीत. एकमेकांशी संबंध नसलेल्या अनेकांना एकच सूचना धाडायची तर पत्ते तिथेच घालावे लागतात. सप्टेंबर २०२१ मध्ये ब्रिटनच्या संरक्षण खात्याने तालिबानच्या राजवटीत अडकलेल्या आणि ब्रिटनमध्ये येऊ पाहणाऱ्या अफगाणांना मेल पाठवताना हे पत्ते उघड्या रकान्यात घातले. २४५ जणांचे पत्ते एकमेकांना दिसले. त्यातल्या एकाने ‘सर्वांना उत्तर’ देताना स्वतःचा ठावठिकाणाही लिहिला. या प्रकरणी खात्याला पुढे साडेतीन लाख पौंडांचा दंड झाला. दंडापेक्षा मोठी गोष्ट ही की एका चुकीच्या रकान्यामुळे माणसांचा जीव धोक्यात आला. खरे तर मोठ्या यादीसाठी ‘बीसीसी’वरही विसंबू नये. प्रत्येकाला स्वतंत्र मेल पाठवणारी सोय वापरावी, म्हणजे रकाना चुकण्याचा प्रश्नच उरत नाही.

‘सर्वांना उत्तर’ या बटणाने नुसता गोंधळही मोठा होतो. १४ नोव्हेंबर २०१६ रोजी ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत एक चाचणी मेल सुमारे ८ लाख ४० हजार खात्यांवर गेली. ती चुकून आल्याचे सांगायला लोकांनी सर्वांनाच उत्तरे दिली आणि सव्वा तासात साधारण ५० कोटी मेल तयार झाल्या. अशा वेळी गप्प राहणे हीच मदत असते.

जोडलेल्या कागदाची चूक सर्वांत उशिरा कळते, म्हणून ती सर्वांत वाईट. जोडायचा कागद राहिला तर फारसे बिघडत नाही. ‘सोबत जोडले आहे’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्द दिसले आणि फाइल नसली तर जीमेल आणि आउटलुक तसे विचारतातही. मराठी किंवा हिंदी मजकुराच्या बाबतीत मात्र या सूचनेवर भिस्त ठेवू नये. खरा धोका जास्तीचा कागद जाण्याचा. एक्सेलच्या तक्त्यात ओळी, रकाने, पूर्ण पानेसुद्धा लपवता येतात. पडद्यावर ती दिसत नाहीत, पण फाइलबरोबर जातात. ब्रिटनच्याच संरक्षण खात्यातून फेब्रुवारी २०२२ मध्ये गेलेल्या एका तक्त्यात दीडशेच्या आसपास ओळी आहेत असे पाठवणाऱ्याला वाटले होते. प्रत्यक्षात जवळपास १९,००० अफगाण अर्जदारांची माहिती त्यात होती. २०२५ च्या जुलैपर्यंत हे प्रकरण न्यायालयाच्या आदेशाने गुप्त ठेवावे लागले. बाहेर जाणारा तक्ता म्हणून मूळ फाइल कधीच देऊ नये. हवा तेवढा भाग नव्या कोऱ्या फाइलमध्ये उतरवावा किंवा पीडीएफ करावा, आणि मेलला जोडल्यानंतर ती फाइल तिथूनच उघडून पाहावी. जावक कारकून सहपत्रे मोजत असे, तेच हे.

एकदा गेलेली मेल परत येत नाही. भारताच्या माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधल्या कलम १३ प्रमाणे, वेगळे काही ठरलेले नसेल तर, इलेक्ट्रॉनिक मजकूर पाठवणाऱ्याच्या ताब्याबाहेरच्या यंत्रणेत शिरला की तो रवाना झाला असे धरले जाते. आउटलुकमधली परत बोलावण्याची सोय दोन्ही खाती एकाच संस्थेच्या यंत्रणेवर असतील तरच चालते. बाहेरच्या पत्त्यावर गेलेल्या मेलला ती लागू नाही. जीमेलचे ‘अनडू’ हे खरे तर परत बोलावणे नव्हेच. मेल काही सेकंद रोखून धरलेली असते, एवढेच. ही मुदत मुळात ५ सेकंदांची असते आणि सेटिंगमध्ये जाऊन ती ३० सेकंदांपर्यंत वाढवता येते. ती प्रत्येकाने वाढवून घ्यावी. आउटलुकच्या संगणकावरच्या जुन्या आवृत्तीत नियम करून प्रत्येक मेल दोन तासांपर्यंत अडवता येते. पाच मिनिटे पुरतात. चूक लक्षात येते ती बहुधा बटण दाबल्यानंतरच्या पहिल्या मिनिटात.

याहून सोपा आणि फुकटचा उपाय म्हणजे क्रम उलटा करणे. आधी कागद जोडावा, मग मजकूर लिहावा, मग विषय, आणि पत्ता सर्वांत शेवटी. पत्ता रिकामा असला की अर्धवट मेल चुकूनही जाऊ शकत नाही. आलेल्या मेलला उत्तर देताना पत्ता आपोआप भरलेला असतो. मजकूर नाजूक असेल तर तोही पुसून टाकावा आणि शेवटी पुन्हा घालावा. रागात लिहिलेल्या मेलच्या बाबतीत तर हे करावेच. पगार, आजारपण, शिस्तभंग, निविदा असा विषय असेल तेव्हा दुसऱ्या माणसाकडून पत्ता आणि सहपत्रे बघून घेण्यात कमीपणा नाही. कानूजाबत्यात राजपत्रांनाही दुसऱ्याच्या नजरेखालून जावे लागत होते. कचेरीच्या प्रमुखाने हा नियम प्रथम स्वतःला लावला तर इतरांना तो जाचक वाटत नाही.

चूक झालीच तर ती दडवण्यात वेळ घालवू नये. ज्याला मेल चुकून गेली त्याला फोन करून ती न उघडता काढून टाकण्याची विनंती करावी, वरिष्ठांना आणि संगणक विभागाला लगेच कळवावे, ज्यांची माहिती गेली त्यांना सांगावे. ‘मागील मेलकडे दुर्लक्ष करावे’ असे सर्वांना लिहून धाडले तर न वाचलेलेही ती उघडून वाचतात. आणि चूक कळवणाऱ्या कर्मचाऱ्यावर आधी ओरडू नये. ओरडा खाल्लेला माणूस पुढच्या वेळी सांगत नाही.

यापुढे हा केवळ कचेरीच्या शिस्तीचा प्रश्न राहणार नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने अनवधानाने उघड झालेली माहितीसुद्धा उल्लंघनात धरली आहे. माहितीच्या सुरक्षेसाठी वाजवी काळजी न घेणाऱ्या संस्थेला २५० कोटी रुपयांपर्यंत, आणि झालेले उल्लंघन डेटा संरक्षण मंडळाला व संबंधित व्यक्तींना न कळवल्यास २०० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत.