ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे

ट्रॅक डे (हौशी चालकांनी बंदिस्त धावपट्टीवर आपली गाडी चालवण्याचा दिवस) म्हणजे शर्यत, असा समज सर्रास आढळतो. तालमीतला सराव आणि जत्रेतली कुस्ती यांत जो फरक, तोच इथे आहे. ट्रॅक डेला क्रमांक नसतो, बक्षीस नसते. ओव्हरटेक सहसा फक्त ठरलेल्या सरळ पट्ट्यात, तेही पुढच्याने खूण केल्यावरच. पिवळा झेंडा दिसला की वेग कमी करायचा, ओव्हरटेक बंद. लाल दिसला की सावकाश पिटमध्ये (गाड्यांच्या थांब्यात) परतायचे. हेल्मेट, मार्शल (झेंडे दाखवणारे ट्रॅकवरचे कर्मचारी), रुग्णवाहिका आणि रन-ऑफ (घसरलेल्या गाडीसाठी सोडलेली मोकळी जागा) यांपैकी एक जरी नसेल, तरी दिवस रद्द करावा.

म्हणूनच शिरूरजवळचा पुणे-नगर रस्ता किंवा दौंड तालुक्यातला सोलापूर महामार्ग पहाटे कितीही मोकळा वाटला, तरी तो ट्रॅक नव्हे. तिथे दुभाजकातून माणूस येतो, उसाची ट्रॉली वळते. परवानगीविना सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 खाली गुन्हा आहे. ट्रॅकवर जाण्याआधी विम्याची कागदपत्रेही वाचा: नेहमीच्या पॉलिसीत शर्यत आणि वेगचाचणी सहसा वगळलेली असते.