निकाल लागला लोझानला : इंटर काशीचा २०२४-२५चा हंगाम

वाराणसीच्या इंटर काशी या फुटबॉल क्लबने २०२४-२५ची आय-लीग स्पर्धा जिंकली. स्पर्धेतला शेवटचा चेंडू ६ एप्रिल २०२५ रोजी मारला गेला. विजेता कोण, हे मात्र १८ जुलै २०२५ रोजी ठरले आणि तेही भारतात नव्हे, तर स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरातील क्रीडा लवाद न्यायालयात. मधल्या साडेतीन महिन्यांत गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सला विजेता म्हणून जाहीर करून करंडकही देऊन झाला होता.

भारतात राष्ट्रीय पातळीवरची लीग १९९६मध्ये सुरू झाली, ती नॅशनल फुटबॉल लीग या नावाने. २००७मध्ये तिच्या जागी आय-लीग आली. २०१४पासून इंडियन सुपर लीग भरू लागली. पैसा, दूरचित्रवाणी आणि नावाजलेले खेळाडू तिकडे वळले आणि आय-लीग हळूहळू दुसऱ्या पायरीवर गेली. २०२२-२३पासून आय-लीगच्या विजेत्याला सुपर लीगमध्ये बढती मिळू लागली. पंजाब एफसी आणि त्यानंतर कोलकात्याचा मोहम्मेडन स्पोर्टिंग हे दोन क्लब याच वाटेने वर गेले. त्यामुळे आय-लीगचे जेतेपद तेव्हा करंडकापुरते राहिलेले नव्हते. वरच्या वर्गात जायचे तर हा एकच जिना होता आणि दरवर्षी त्यावरून एकालाच चढता येत होते. २०२४-२५च्या वादात प्रत्येक क्लब एकेका गुणासाठी इतका का झगडला, ते यावरून कळते.

गोव्यासाठी या स्पर्धेचे मोल आणखी वेगळे होते. आय-लीगची पहिली सहाही जेतेपदे गोव्याने जिंकली होती : २००७-०८, २००९-१० आणि २०११-१२मध्ये धेंपो, २०१०-११मध्ये साळगावकर, २००८-०९ आणि २०१२-१३मध्ये चर्चिल ब्रदर्स. २०१२-१३मध्ये पुणे एफसीने दुसरा क्रमांक मिळवला होता. महाराष्ट्राच्या क्लब-फुटबॉलसाठी ते दिवस चांगले होते. पुढे पुणे एफसी राहिला नाही, मुंबई एफसी राहिला नाही, केंकरे एफसी २०२२-२३नंतर खाली घसरला. २०२४-२५च्या बारा संघांत महाराष्ट्राचा एकही नव्हता. गोव्याचे मात्र दोन होते : चर्चिल ब्रदर्स आणि खालच्या वर्गातून परतलेला धेंपो. चर्चिलला बारा वर्षांनी पुन्हा जेतेपदाची चाहूल लागली होती.

इंटर काशीचा जन्म अगदी अलीकडचा. आय-लीगमध्ये थेट प्रवेश देण्यासाठी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०२३मध्ये बोली मागवल्या. मान्य झालेल्या पाच प्रस्तावांत वाराणसी होती, पंजाबातले भैणी साहिब होते, बंगळुरू आणि दिल्ली होती, आणि महाराष्ट्रातले अंबरनाथही होते. वाराणसीच्या संघामागे कोलकात्याचा आरडीबी उद्योगसमूह उभा राहिला आणि स्पेनच्या अ‍ॅटलेटिको माद्रिदशी त्याने सहकार्याचा करार केला. लुधियाना जिल्ह्यातले भैणी साहिब हे नामधारी शीख पंथाचे मुख्य स्थान. तिथला नामधारी एफसी त्याच बोलीतून आय-लीगमध्ये आला. काशी आणि नामधारी हे एकाच दारातून, एकाच वर्षी आत आलेले संघ. पुढे न्यायालयात एकमेकांसमोर उभे राहिले तेही हेच दोघे.

पहिल्या हंगामात, २०२३-२४मध्ये, इंटर काशीने चौथा क्रमांक मिळवला. नव्या संघासाठी हे यश मोठे होते, पण वाराणसीकरांना त्याचा आनंद दुरूनच घ्यावा लागला. शहराच्या सिग्रा भागातल्या डॉ. संपूर्णानंद क्रीडासंकुलाची पुनर्बांधणी चालू होती. तिच्या पुढच्या टप्प्यांचे उद्घाटन २० ऑक्टोबर २०२४ रोजी झाले. संघाने ‘घरचे’ मैदान म्हणून पश्चिम बंगालच्या नदिया जिल्ह्यातले कल्याणी स्टेडियम निवडले. ते काशीपासून सहाशे किलोमीटरांहून दूर, गंगेचाच फाटा असलेल्या हुगळीच्या काठाजवळ आहे. दुसऱ्या हंगामातही कल्याणीच घर राहिले. ज्या शहराचे नाव छातीवर लावून संघ खेळतो, त्या शहरातल्या पोरांना तो आपल्या मैदानावर पाहायला मिळू नये, ही या साऱ्या कथेतली सर्वांत मोठी उणीव आहे. क्लब मोठा होतो तो मैदानाभोवती जमणाऱ्या माणसांमुळे.

दुसऱ्या हंगामासाठी क्लबने प्रशिक्षक आणला तो अंतोनियो लोपेझ हाबास. या स्पॅनिश प्रशिक्षकाला भारतात ओळख करून देण्याची गरज नव्हती. २०१४च्या डिसेंबरात नवी मुंबईत झालेल्या पहिल्या सुपर लीगच्या अंतिम सामन्यात त्यांच्या कोलकाता संघाने केरळला हरवले. २०१६मध्ये त्यांनी एफसी पुणे सिटीची जबाबदारी घेतली, २०१९-२०मध्ये पुन्हा कोलकात्याला विजेतेपद दिले आणि २०२४मध्ये मोहन बागानला साखळीतले अव्वल स्थान मिळवून दिले. आधी बचाव पक्का, मग संधी साधून हल्ला, ही त्यांची रीत. तिला रूक्ष म्हणणारे आहेत, पण बावीस सामन्यांच्या लीगमध्ये ती फळते. फिनलंडचा मधल्या फळीतला खेळाडू योनी काउको, स्पेनचा आघाडीपटू मारिओ बार्को, सर्बियाचा मातिया बाबोविच आणि मिझोरामचा वेगवान आघाडीपटू एडमंड लालरिंदिका असा संच त्यांच्या हाती होता.

नोव्हेंबर २०२४ ते एप्रिल २०२५ या काळात बारा संघांपैकी प्रत्येक संघ दुसऱ्याशी दोनदा खेळला : एकदा घरी, एकदा बाहेर. जिंकल्यास ३ गुण, बरोबरीत १. तळाच्या दोघांची घसरण ठरलेली. त्या वर्षी ती एससी बंगळुरू आणि दिल्ली एफसीच्या वाट्याला आली. वरच्या टोकाला चर्चिल, गोकुळम केरळ, रिअल काश्मीर आणि इंटर काशी यांच्यात शेवटपर्यंत चुरस राहिली.

वादाचे मूळ १३ जानेवारी २०२५च्या सामन्यात आहे. भैणी साहिब येथे नामधारीने इंटर काशीला २-० असे हरवले. नामधारीकडून ब्राझीलचा क्लेडसन कार्व्हालो दा सिल्वा, ज्याला ‘दे’ या नावाने ओळखतात, तो खेळला. इंटर काशीने तक्रार केली की या खेळाडूच्या नावावर चार पिवळी कार्डे जमली होती, म्हणून त्या सामन्यात त्याने बाहेर बसायला हवे होते. फुटबॉलमध्ये पिवळे कार्ड म्हणजे ताकीद. एका सामन्यात दोन मिळाली तर खेळाडू त्याच वेळी मैदानाबाहेर जातो. वेगवेगळ्या सामन्यांत मिळालेल्या ताकिदींचा हिशेबही स्पर्धाभर ठेवला जातो आणि ठरावीक संख्या झाली की पुढच्या सामन्यात बंदी येते. बंदी असलेला खेळाडू उतरवला तर तो सामना संघाने ०-३ असा गमावला असे धरले जाते. मैदानावर त्या खेळाडूने काय केले याला मग अर्थ उरत नाही. नियम कडक आहे आणि तो तसाच असायला हवा, कारण तो ढिला झाला तर ताकिदीचा धाकच राहणार नाही.

महासंघाच्या शिस्तपालन समितीने तक्रार मान्य करून सामना ३-० असा इंटर काशीला दिला. नामधारीने महासंघाच्याच अपील समितीकडे दाद मागितली आणि त्या निकालाला स्थगिती मिळवली. ती उठण्याआधीच लीग शेवटच्या दिवसापर्यंत येऊन ठेपली. काशीच्या खात्यातले ३ गुण आहेत की नाहीत, हे कोणालाच ठाऊक नव्हते.

६ एप्रिलला तिन्ही महत्त्वाचे सामने भारताच्या तीन कोपऱ्यांत झाले. सकाळी गुणतक्त्यात चर्चिल ३९, गोकुळम ३७, रिअल काश्मीर आणि इंटर काशी प्रत्येकी ३६ अशी स्थिती होती. श्रीनगरला चर्चिल आणि रिअल काश्मीर १-१ असे बरोबरीत राहिले. कोळिकोडला गोकुळमच्या थाबिसो ब्राऊनने तीन गोल मारूनही धेंपोने सामना ४-३ असा जिंकला. गोकुळम जिंकला असता तर तोही चर्चिलसोबत ४० गुणांवर पोहोचला असता. गोव्याच्या एका संघाने असा नकळत दुसऱ्याला हात दिला. इंटर काशीने राजस्थान युनायटेडला ३-१ असे हरवले. संध्याकाळी चर्चिलचे ४० गुण होते आणि काशीचे ३९. भैणी साहिबचे ३ गुण मिळाले तर काशी ४२वर जाणार, नाही मिळाले तर चर्चिल विजेता. बावीस फेऱ्यांची मेहनत एका खेळाडूच्या कार्डांच्या नोंदीवर येऊन थांबली.

अपील समितीने १८ एप्रिलला नामधारीच्या बाजूने निर्णय दिला. दुसऱ्याच दिवशी महासंघाने चर्चिल ब्रदर्सला विजेता जाहीर केले. इंटर काशीने लोझानचा दरवाजा ठोठावला. १९८४मध्ये स्थापन झालेले हे लवाद न्यायालय खेळांतल्या वादांचा शेवटचा निवाडा करते आणि राष्ट्रीय महासंघांना तो मानावा लागतो.

याच सुमारास भुवनेश्वरच्या कलिंग स्टेडियमवर सुपर कप भरला होता. लीग ही लांब पल्ल्याची. कप मात्र बाद पद्धतीचा, एक पराभव झाला की घरी. सुपर लीगच्या तेरा संघांसोबत आय-लीगमधले तीन संघ ठरले होते. त्यांतून चर्चिलने माघार घेतली. २३ एप्रिलला इंटर काशीपुढे बंगळुरू एफसी होता. रायन विल्यम्सने बंगळुरूला आघाडी दिली. सामना संपायला दोन-तीन मिनिटे उरली असताना बाबोविचने बरोबरी साधली आणि पेनल्टी शूटआउटमध्ये काशीने ५-३ अशी बाजी मारली. दोन वर्षांचा क्लब, आणि हरवले कोणाला, तर देशातल्या बड्या संघांपैकी एकाला. त्या हंगामात निखळ आनंदाचा याहून मोठा क्षण काशीच्या वाट्याला आला नाही.

त्यानंतरचा रविवार, २७ एप्रिल २०२५, भारतीय फुटबॉलमध्ये बराच काळ लक्षात राहील. भुवनेश्वरला उपांत्यपूर्व सामन्यात मुंबई सिटीने लालियानझुआला छांगतेच्या एकमेव गोलवर इंटर काशीला १-० असे हरवले. त्याच दिवशी लोझानहून आदेश आला की निकाल लागेपर्यंत महासंघाने विजेता जाहीर करू नये आणि पदकांचा समारंभ करू नये. आणि त्याच दिवशी गोव्यात चर्चिल ब्रदर्सला आय-लीगचा करंडक देण्यात आला. करंडक उंचावणाऱ्या खेळाडूंचा यात काडीचाही दोष नव्हता. त्यांनी बावीस सामन्यांत सर्वाधिक गुण मिळवले होते आणि त्यांच्या हाती दिलेली वस्तू त्यांना आपलीच वाटली. पुढे ३ मे रोजी एफसी गोवाने जमशेदपूरला ३-० असे हरवून सुपर कप जिंकला.

लोझानचा पहिला निकाल १७ जूनला आला. दे याला त्या सामन्यात खेळण्याचा अधिकार नव्हता. भैणी साहिबचा सामना ३-० असा इंटर काशीचा. तरीही जेतेपदावर शिक्का बसेना, कारण दरम्यान दुसरे प्रकरण उभे राहिले होते. मारिओ बार्कोचे नाव हंगामाच्या मध्यावर यादीतून काढून नंतर पुन्हा घातले होते. हे परदेशी खेळाडू बदलण्याच्या नियमात बसत नाही, अशी चर्चिल, नामधारी आणि रिअल काश्मीर यांची तक्रार होती. अपील समितीने काशीविरुद्ध कौल दिला होता. बार्कोची नोंदणी महासंघाच्याच यंत्रणेतून झाली होती, हे इथे विसरून चालत नाही : ज्या संस्थेने दार उघडून आत घेतले, तिच्याच समितीने मग आत आल्याबद्दल दोषी ठरवले. १८ जुलैला लोझानने हेही अपील काशीच्या बाजूने निकाली काढले आणि महासंघाने इंटर काशीला तातडीने विजेता जाहीर करावे, असा आदेश दिला. गुण ४२.

या प्रकरणात सर्वांत जास्त नुकसान केले ते उशिराने. कार्डांची मोजणी हा काही गहन कायद्याचा प्रश्न नव्हे. जानेवारीतला सामना फेब्रुवारीत निर्विवाद निकाली निघाला असता, तर शेवटच्या दिवशी चारही संघांना आपण कशासाठी खेळत आहोत हे कळले असते. श्रीनगरमध्ये बरोबरी चर्चिलला पुरणार आहे की नाही, हे त्याच्या प्रशिक्षकाला आधी माहीत असते तर त्याने वेगळा डाव मांडला असता. काशीला हक्काचे जेतेपद मिळाले, पण मैदानावरचा जल्लोष हुकला. चर्चिलच्या समर्थकांना मिळालेला आनंद परत घेतला गेला. एडमंड लालरिंदिका तोवर ईस्ट बंगालकडे गेलाही होता.

बढतीच्या वाटेतही अडथळा आला. महासंघ आणि सुपर लीग चालवणारी कंपनी यांच्यातला व्यावसायिक हक्कांचा करार डिसेंबर २०२५मध्ये संपत होता आणि पुढे काय याचे उत्तर महिनोन् महिने मिळाले नाही. अखेर १४ फेब्रुवारी २०२६पासून चौदा क्लबांची, एकेरी फेरीची, ९१ सामन्यांची छोटी सुपर लीग सुरू झाली. त्या चौदांत इंटर काशी होता.